ताडपत्री मोकळी होईपर्यंत

सुगी आली की बेळगावजवळच्या आमच्या मच्छ्यात दोन वास एकमेकांत मिसळतात. एक कापलेल्या भाताचा, आणि वारा उद्यमबागेतल्या कारखान्यांकडून असला तर दुसरा तापलेल्या लोखंडाचा. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं, आमच्या नाकाला दोन्ही घरचेच. एरवी फौंड्रीत राबायचं आणि सुगीपुरती रजा टाकून विळा धरायचा, अशी माणसं इथं घरोघर आहेत. यंदाही भात रस्त्याच्या कडेला वाळतंय, मोटारसायकली त्याला वळसा घालून जातात, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं 'बाई, सुगी' एवढ्या दोन शब्दांत रजा घेऊन मोकळी होतात. सगळं दरवर्षीसारखं आहे. फक्त कुणाच्या अंगणात ताडपत्री पसरलेली दिसली की माझं मन उदास होतं, आणि मग दिवसभर तसंच राहतं.

ताडपत्री बघून डोळे भरून येणारी बाई अख्ख्या गावात मीच असेन. वैनीचे भरत नाहीत. ती त्याच ताडपत्रीवर भात पसरते, ते वर-खाली व्हावं म्हणून त्यातून पाय ओढत फिरते आणि कोंबड्यांना शिव्या घालते. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. मी लग्न केलं नाही. शाळा आणि अण्णाचं घर एवढंच माझं जग. घरं दोन असली तरी मधली भिंत एक, आणि अंगणही एकच. त्या अंगणात काही वर्षांमागच्या सुगीत एक बेट होतं. समुद्र आमच्यापासून घाटाच्या पार खाली, पण बेट होतं. त्यावर डोंगर होता, डोंगरावर दीपगृह होतं, आणि आम्ही सगळे रोज संध्याकाळी चहाचे कप घेऊन त्याच्याभोवती उभे राहायचो.

अण्णा उद्यमबागेतल्या एका लहानशा फौंड्रीत मोल्डर होता. मोठ्या ठिकाणी लाकडाचा नमुना एक जण करतो आणि वाळूत त्याचा साचा दुसरा धरतो. लहान ठिकाणी एकाच माणसाला सगळं यावं लागतं, आणि अण्णाला सगळं यायचं. नमुना वाळूत दाबायचा, अलगद काढायचा, राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. त्या कामातली पहिली शिकवण अशी की लोखंड निवलं की आकसतं, म्हणून नमुना हव्या त्या मापापेक्षा जरा मोठाच करायचा. ही शिकवण अण्णाच्या हाडात अशी मुरली होती की त्यानं आयुष्यात कुठलीच गोष्ट मापात केली नाही. लेकीचा, प्राजूचा, शाळेचा गणवेश तो असा शिवून आणायचा की त्यात तिची एखादी मैत्रीणही मावली असती. देव्हारा केला तो कोनाड्यात बसेना, शेवटी कोनाडाच फोडून मोठा केला. वैनी भाकरी थापायला बसली की हा दारातून सांगायचा, "जरा मोठी कर गं, तव्यावर आकसती." भाकरी कुठं आकसते? पण वैनी हसायची आणि मोठी करायची. "ह्येंच्या हातात असतं तर मलाबी जरा मोठी करून आणलं असतं," असं ती पाहुण्यांपुढं म्हणायची, आणि अण्णा लाजून अंगणात निघून जायचा.

रविवारी मात्र तो घरात सापडायचा नाही. राजहंसगड, वैजनाथाचा डोंगर, नाहीतर पार जांबोटीकडचं रान. पायात फाटके बूट, पिशवीत भाकरी-चटणी आणि कांदा. "आठवडाभर मान खाली घालून वाळूत बघायचं. एक दिस तरी उंचावरनं बघाय नगो व्हय?" एवढंच त्याचं त्यामागचं तत्त्वज्ञान. कधीमधी मलाही न्यायचा. जांबोटीला गेलं की परतीची बस हटकून चुकायची, मग आम्ही ओल्या गवताच्या वासातून, पायाला चिकटलेल्या जळवा काढत, रस्त्यानं चालत राहायचो. चढताना तो तोंड उघडायचा नाही. "बोललं की दम जातोय, सुमे. वर गेल्यावर काय ते बोल." आणि वर गेल्यावर कुणालाच काही बोलावंसं वाटायचं नाही, हा भाग वेगळा.

मग कधीतरी तो चढताना बोलू लागला. हे बघ कसलं फूल हाय, त्यो पक्षी बघ, हितनं आपली फौंड्री दिसती का बघ. मला वाटलं, वय झालं, माणूस हळवा झाला. पुढं लक्षात आलं की थांबायला निमित्त हवं म्हणून तो बोलत होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला आणि सांगितलं, आत वाळूची बारीक धूळ बसलीय, आता ती निघायची नाही. काम सोडा, सपाटीला हळूहळू चाला, चढ टाळा. घरी येईपर्यंत अण्णा त्या शेवटच्या दोन शब्दांशी वकिलासारखा भांडत होता. "टाळा म्हणालेत. बंद करा म्हणालेत काय? न्हाय न्हवं?" पण काम त्यानं सोडलं. जाणाऱ्या माणसाला काय हवं असं फौंड्रीत विचारलं, तर याचं म्हणणं, जुनी वाळू द्या दोन पोती. लोक हसले. त्यांना वाटलं, कुठं बांधकाम काढलं असेल.

बांधकाम नव्हतं. दिवाळी जवळ आली होती. आमच्याकडं दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात, आणि आमच्या गल्लीच्या किल्ल्याचा कारभारी वर्षानुवर्षं अण्णाच. फौंड्रीची ती काळी, ओलसर वाळू नुसत्या हातानं दाबली तरी कड धरते, त्यामुळं आमच्या बुरुजांना सगळ्या गावात तोड नसायची. यंदा कुठला किल्ला, असं पोरं विचारायला आली, तेव्हा अण्णा पाटावर बसून दम खात होता. म्हणाला, "यंदा किल्ला न्हाय. बेट."

बेटाचं खूळ मारुतीनं आणलं होतं. मारुती हा अण्णाचा भट्टीवरचा जोडीदार. पावसाळ्यात तो माल पोचवायला टेंपोबरोबर कारवारकडं गेला होता, आणि परत आल्या पावली आमच्या अंगणात येऊन बसला.

"अण्णा, समुद्रात डोंगर हाय रं! चारी बाजूनं पाणी आन् मधी डोंगर. टोक ढगात गेलतं. वर वस्तीला ऱ्हाऊ देत्यात म्हण, तंबू मारून."

"उंच किती?"

मारुतीनं मान वर केली. शेजारच्या माडाकडं बघितलं, मग त्याच्याही वर. "लई," तो म्हणाला.

आता मारुतीला कुठलीच गोष्ट कधी लहान दिसत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यानं पाहिलेला प्रत्येक नाग मांडीएवढा जाड असतो. पण अण्णाच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे आलं ते डॉक्टरांकडून आल्यापासून आम्ही पाहिलंच नव्हतं, म्हणून मारुतीला कुणी टोकलं नाही. अण्णा मला म्हणाला, "मला तितं निजायचं हाय, सुमे. एक रात. खाली धूळ न्हाय, धूर न्हाय. चारी बाजूनं पाणी आसलं की माणसाला कोण हाळी मारत न्हाय. हयातीत एकदा." अण्णानं कुणाकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ताटात मीठ कमी असलं तरी मागायचा नाही. हे मात्र त्यानं मागितलं.

आणि मग बेट झालं. पत्र्याच्या एका मोठ्या तुकड्यावर वाळू रचली गेली, भोवती वैनीनं निळीचं पाणी ओतलं, मी शाळेतला पांढरा खडू आणला तो टोकावर दीपगृह म्हणून उभा राहिला. उतारावर नाचणी पेरली, ती चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवीगार उगवून आली. वास्तविक ते बेट आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. मारुतीनं लांबून, पावसातून पाहिलं, तेवढंच. प्राजूनं फोनवर नकाशा काढून दाखवला, निळ्यात एक हिरवा ठिपका. "वरनं बघितलं की हत्तीबी सपाटच दिसतोय," अण्णा म्हणाला. तिनं कुठूनतरी डोंगराची उंची मीटरमध्ये वाचून दाखवली. आम्ही ती ऐकली आणि विसरलो. मीटर कुणाला कळतो? खरा डोंगर समोर अंगणात होता, त्याला हात लावता येत होता.

ती दिवाळी आणि तिच्या मागून आलेली सुगी, या दिवसांइतकी सुखाची बोलणी आमच्या घरात पुन्हा झाली नाहीत. सुखाची म्हणते, पण तेव्हाही आत कुठंतरी खुपत होतंच. संध्याकाळी मारुती यायचा. अण्णा काडी घेऊन वाट आखायचा. होडी इथं लागणार, इथून झाडीतून वर, डोंगराच्या या खांद्यावर पहिली विश्रांती. मुक्काम कुठं करायचा यावर तर रोज भांडण. मारुतीला अगदी टोकावर झोपायचं होतं, मला दीपगृहाच्या भिंतीआड. वैनीनं बेटाकडं एकदाच बघितलं आणि विचारलं, "वारं कुठनं येतंय त्ये आधी बघितलंसा काय?" त्यासरशी मुक्काम पूर्वेच्या खळग्यात गेला. भाकऱ्या किती, पिठलं तिथं करायचं की इथून न्यायचं, दही टिकेल का, सरपण बेटावर मिळेल की न्यावं लागेल. निपाणीच्या पाहुण्यांना बोलवायचं की नाही, यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी बोलवायचं नाही असं ठरलं, कारण ते वाटेत फार बोलतात आणि बोललं की दम जातो.

प्राजूनं फोनवर तयार तंबू दाखवले, रंगीत, दुमडून पिशवीत बसणारे. अण्णाला ते पसंत पडले नाहीत. "टोपलीएवढं हाय त्ये. त्यात मी आकडून मरीन. आपली ताडपत्री काय वाईट हाय?" आमची ताडपत्री अर्थात त्यानंच आणलेली, खळ्यापेक्षा मोठी, कडेनं दुमडून ठेवावी लागणारी. चार काठ्यांवर टाकली तर तिच्याखाली वऱ्हाड झोपलं असतं. अडचण एकच होती. ती ताडपत्री सुगीत भाताखाली असते.

"भात वाळू दे, पोत्यात भरू दे," वैनी म्हणाली. "ताडपत्री मोकळी झाली की जावा खुशाल."

यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. शहरातल्या माणसाला हे वाचून वाटेल, दुसरी ताडपत्री घ्यायची, त्यात काय. पण शेतकऱ्याच्या घरात सुगीच्या पुढं काही नसतं. लग्न सुगीनंतर, दवाखाना सुगीनंतर, आजाऱ्यालाही सांगतात, सुगी होईपर्यंत कळ काढ. धान्याखालची ताडपत्री ओढून फिरायला जायचं, हे अण्णाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. उलट त्याला ते फार योग्य वाटलं. आधी घर भरायचं, मग डोंगर.

त्या वर्षी कापणी झाली आणि आभाळ भरून आलं. अवेळी, चिडचिड्या, कुणालाच नको असलेल्या पावसाचे दिवस. भात ताडपत्रीवर पसरावं तर ढग यायचे, मग तीच ताडपत्री चारी बाजूंनी भातावर दुमडायची आणि वर दगड ठेवायचे. ऊन पडलं की परत उघडायची. ओल्या भाताला आंबूस वास येऊ लागला. मी शाळेतून यायची तेव्हा वैनी खळ्यावर वाकलेली असायची, आणि अण्णा बांधावर तिच्या सोबतीला बसलेला. शेताकडची चढण तो रोज चढायचा. पुलाशी एकदा थांबायचा, आंब्याखाली एकदा, पण पोचायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्या सुगीत तो रोज ती चढण चढत होता.

आणि रोज सकाळी तो बेटाची डागडुजी करत होता. ओल असेपर्यंत ती वाळू घट्ट राहते, वाळली की कडा ढासळतात आणि माथा खाली बसतो. अण्णा पाटावर बसायचा, पाणी शिंपडायचा, लाकडी थापीनं चोपायचा आणि वर मूठभर नवी वाळू घालायचा. "बसतंय गं. वाळू बसतीच. भर घालाय पायजे." मूठ बसण्यापुरती नसायची, जरा जास्तच असायची. नंतर आकसेल म्हणून. दोन पोती संपली तेव्हा मारुतीनं तिसरं आणलं. आम्ही रोज बघत होतो, त्यामुळं आम्हाला काहीच दिसलं नाही. प्राजूच्या फोनमध्ये ते फोटो अजून आहेत. पहिल्यात पाटावर बसलेल्या अण्णाच्या गुडघ्याशी खडू आहे. शेवटच्यात खडू त्याच्या खांद्याला लागलाय, आणि अण्णाचा खांदा सदऱ्यात हरवलाय.

मग ऊन पडलं. कडक, स्वच्छ. भात वाळलं, पोती भरली गेली, माळ्यावर चढली. वैनीनं ताडपत्री झटकली, ओल्या फडक्यानं पुसली, आम्ही दोघींनी मिळून घडी घातली, आणि तिनं ती अंगणात आणून अण्णाच्या पुढ्यात ठेवली. "घ्या. मोकळी झाली."

अण्णानं घडीवर हात ठेवला. तो हसत होता. मग त्यानं काडी उचलली आणि होडी लागते तिथून वाट चढू लागला, रोजच्यासारखी. झाडीतून वर. पहिला खांदा. तिथून पुढं काडी हळू झाली. तो वर बघत होता, त्या काळ्या, उभ्या, आता त्याच्या डोक्याशी आलेल्या कड्याकडं. नाचणी केव्हाच वाळून पिवळी पडली होती. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. काडी अर्ध्यावर थांबली.

"न्हाय गं जमायचं," तो म्हणाला.

मी म्हटलं, "हळूहळू जाऊया की, अण्णा. बसत बसत."

"हळू गेलं म्हणून डोंगर कमी हुतोय व्हय?"

वैनी म्हणाली, "वर नगा जाऊ. खाली वाळूत बसा. आमी जाऊन येतो, तुमाला सांगतो."

"खाली बसून वर बघायला बेटावर कशाला जायाचं? हितं बघतोयच की." आणि काडी त्यानं निळीच्या पाण्यात टाकून दिली. थोड्या वेळानं, आमची तोंडं बघून असेल, म्हणाला, "फुडच्या सुगीला बघू." मारुती तेवढ्यात आला, खांद्याला पिशवी, पिशवीतून बॅटरी बाहेर आलेली. त्याला काही सांगावं लागलं नाही. ताडपत्री बघितली, अण्णाला बघितलं, आणि तो कट्ट्यावर टेकला.

पुढची सुगी अण्णानं पाहिली नाही. उन्हाळ्यातच गेला. शेवटचे महिने खिडकीशी उशा रचून बसलेला असायचा, आणि खिडकीतून ते बेट दिसायचं. त्याला आता कुणी पाणी घालत नव्हतं, ते रोज थोडं थोडं खचत होतं. मोडून टाकूया का, असं मी एकदा विचारलं. त्यानं मानेनंच नाही म्हटलं. पावसाळ्यात वाळू गटारीला लागली, पत्रा गंजला, तो भंगारवाल्याला दिला. आमचं दुःख मोठं होतं, पण त्याला एक आधार होता, हे कबूल करायला हवं. डोंगर फार मोठा होता. त्याला झेपलाच नसता. गेला असता तर वाटेतच काही झालं असतं, बरं झालं नाही गेला. मावशा-आत्या भेटायला आल्या की आम्ही हे सांगायचो, त्याही माना डोलवायच्या, आणि त्या रात्री जरा झोप लागायची. माणूस गेल्यावर असलं काहीतरी हाताशी लागतंच. नाहीतर दिवस ढकलायचे कसे?

यंदा पाऊस वेळेवर गेला, मळणी मशीननं झाली, आणि ताडपत्री कधी नव्हे इतकी लवकर मोकळी झाली. तिची घडी घालताना वैनी मध्येच थांबली. म्हणाली, "वन्सं, जाऊन येऊया काय?" कुठं, हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. प्राजूला आता बेळगावात नोकरी आहे, तिनं रजा टाकली. मारुती म्हणाला, मीबी येतो. वाट आम्हा सगळ्यांना पाठ होती, त्यामुळं नव्यानं काहीच ठरवावं लागलं नाही. पिठलं इथूनच करून न्यायचं, मुक्काम पूर्वेच्या खळग्यात. मी गुडघ्याला पट्टा बांधून घेतला, वैनीनं आम्हा दोघींसाठी दोन काठ्या घेतल्या, आणि प्राजूनं वाटेत खायला गूळ-शेंगदाणे, दम लागला तर.

होडीत बसल्यावर लाटांच्या पुढं एक ठेंगणी, हिरवी टेकडी दिसू लागली. ती जवळ येत गेली. आम्ही तिच्या मागं बघत होतो.

"ह्येच्या पल्याड आसंल," वैनी म्हणाली.

होडीवाला म्हणाला, पल्याड नुसतं पाणी आहे, बेट हेच. उद्या सकाळी न्यायला येतो, असं सांगून त्यानं आम्हाला उतरवलं आणि होडी फिरवली.

झाडीतून वाट होती, तशीच, अण्णानं आखली होती तशी. मी पहिल्या खांद्याची वाट बघत चालले होते. एका वळणावर कातळ आडवा आला. आता खरा चढ लागणार म्हणून मी पदर खोचला, काठी घट्ट धरली आणि वळणापलीकडं पाय टाकला. पुढं दीपगृह होतं, आणि समुद्र. चढ संपला होता. माझा श्वाससुद्धा वाढला नव्हता. एक म्हातारेसे गृहस्थ पायरीवर बसून फुटाणे खात होते, त्यांच्या हातात साधी फिरायला जायची काठी होती. आमच्या शेताची चढण याहून थोडी जास्तच असेल. ती अण्णा रोज चढायचा. पुलाशी एकदा थांबायचा. आंब्याखाली एकदा.

वारा पूर्वेकडून, खळग्याच्याच बाजूनं येत होता, वैनीचा अंदाज चुकला होता. मारुती आमच्याकडं पाठ करून उभा होता. "मी पावसात बघितलतो, वैनी," तो म्हणाला. "ढग खाली आलतं. मला वाटलं..." त्याला दोष कसा द्यायचा? त्यानं ढगातलं टोक सांगितलं, आणि अण्णानं त्यात सवयीनं रोज एक मूठ घातली. आयुष्यभर जे हात सगळं जरा मोठं करत आले, त्यांनीच त्याची वाट अडवली. दुसऱ्या कुणी अडवली असती तर मला त्या माणसाचा राग तरी करता आला असता.

प्राजूनं माझा हात धरला. "आत्ती, आमचा आप्पा चढला असता न्हवं?"

मी मास्तरीण आहे, पोरांच्या प्रश्नाला गप्प बसायची मला सवय नाही. पण उत्तर वैनीनं दिलं. ती समुद्राकडं बघत होती, आणि आवाज रोजचाच होता, कोंबड्या हाकताना असतो तसा.

"चढलं असतं. आन् वर येऊन म्हणालं असतं, ह्यो कसला डोंगर, माझाच बरा."

प्राजू हसली आणि तिला रडू फुटलं. मग मीही रडले, आणि मारुती तर आधीपासूनच रडत होता. वैनी तेवढी रडली नाही. तिनं पिशवी उघडली, पिठल्याचा डबा सावलीत ठेवला आणि ताडपत्रीची घडी माझ्या हातात दिली.

दिवस पाण्यावर टेकला होता. आम्ही ताडपत्री उलगडली तेव्हा घडीतून भाताचे चार-दोन दाणे खाली पडले. ती चौघांना फारच मोठी झाली, एका बाजूला रिकामी पसरून राहिली. तेवढी बाजू दुमडून घ्यावी म्हणून मी वाकले, तर वैनी म्हणाली, "ऱ्हाऊ दे, वन्सं. तशीच ऱ्हाऊ दे."